उत्तर माझ्या नावाने गेलं

नवऱ्याने माझा हात दारात चेचला, त्यानंतर मी पनवेलचं घर सोडलं आणि हरिहरेश्वरला मावशीकडे आले. मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. लग्नालाही आली नव्हती, त्यामुळे नवऱ्याला ती माहीतच नव्हती. नारळाच्या वाडीत खोल्या बांधून ती पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करायची. म्हणाली, "भाकऱ्या मी थापीन. ती मेलबिल तू बघ."

चौकशीच्या मेल वाडीच्या नावाच्या पत्त्यावर यायच्या. ते वेगळं खातं नव्हतं. माझ्याच जुन्या खात्याला मी दुसरा पत्ता जोडला होता, त्याला एलियस म्हणतात. उत्तर गेलं की समोरच्याला फक्त वाडीचं नाव दिसायचं. त्या नावाआड मला सुरक्षित वाटायचं.

दिवाळीच्या सुमारास लॅपटॉप बंद पडला. म्हसळ्याच्या दुकानातून तो दुरुस्त करून आणला, मेलचा प्रोग्रॅम नव्याने टाकला गेला. आता मेल कुठल्याही पत्त्यावर आली तरी उत्तर मूळ खात्यावरून, माझ्या नावा-आडनावासकट जात होतं. मेल कुठल्या नावाने जाते ती ओळ पडद्यावर दिसतच नव्हती. कुणा अनोळखी माणसाने शनिवारसाठी खोली विचारली, मी भाडं आणि रस्ता लिहून पाठवला.

शनिवारी दुपारी मागच्या पडवीत मी बांगडे साफ करत होते. मावशी पुढे अंगणात नारळ सोलत होती. पावलं वाजली, मान वर केली, तर नवरा.

काही बोलायच्या आत त्याने कानाखाली मारली. कानात शिट्टी वाजत राहिली. केस धरून त्याने मला विहिरीपर्यंत फरफटत नेलं. "श्रीवर्धनच्या स्टँडवर माझ्या ड्रायव्हरने बघितलं तुला," तो दात खाऊन म्हणाला. "खोट्या नावाने इथल्या सगळ्या घरांना मेल टाकल्या. एका उत्तरावर तुझं नाव आलं. माझंच आडनाव लावून लपतेस?" विहिरीच्या कठड्यावर त्याने माझं डोकं आपटलं आणि गळा दाबला.

मावशी आली ती नारळ सोलायची पहार घेऊनच. सरळ त्याच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो खाली कोसळला.

मी उठले. बाजूला पडलेला न सोललेला नारळ उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. परत मारला. त्याचा दात तुटून माझ्या पायाशी पडला, तरी मी थांबले नाही. तो "नको, नको" म्हणत होता. इतकी वर्षं मी म्हणायचे तसंच. मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

मावशीने मागून कवटाळलं. "बस गो बाय! मेला तर तुला जेल हाय."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. पुण्याचं एक कुटुंब बॅगा घेऊन उतरलं. मावशीच्या लुगड्यावर रक्त होतं. ती तशीच पुढे गेली. "आज जेवण न्हाय. पल्याडच्या घरी जा, आणि तिथून पोलिसांना फोन लावा."

अलिबागच्या कोर्टात त्याने सांगितलं, बायकोने समेट करू असं गोड बोलून बोलावून घेतलं आणि दोघींनी मिळून मारलं. माझ्या वकीलबाईंनी त्याची मेल पुढे ठेवली, खोट्या नावाची. "समेटासाठी जाणारा माणूस नाव कशाला बदलेल?" असं त्यांनी विचारलं. त्याला शिक्षा झाली, मला घटस्फोट मिळाला.

उजव्या कानाने मला आता ऐकू येत नाही. मेल मीच बघते. आडनाव माहेरचं लावते, आणि उत्तराखाली पूर्ण नाव लिहिते. मावशीला ते पसंत नाही. "सुटून आला तर?" ती विचारते.

"येऊ दे," मी म्हणते. तेव्हा माझा आवाज इतका शांत असतो, की माझी मलाच भीती वाटते.