लागलेल्यांची यादी

"अगं, उघडा प्रश्न म्हणजे काय ते नीट सांग. मला नुसतं दारच दिसतंय डोळ्यांपुढं."

"उघडा नाही गं आई, खुला. ज्याला हो-नाही म्हणून सुटता येत नाही, तो खुला. 'जेवलीस का?' हा बंद. 'काय जेवलीस?' हा खुला."

"तुला जेवलीस का विचारलं तरी तू तासभर सांगतेसच की!"

"परीक्षेत मी नसणार आहे. हात पुढं कर बघू. बर्फ झालाय नुसता."

लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर प्रश्न लिहून ती रोज सकाळी आईला धारेवर धरायची. आईला सगळे अक्का म्हणतात. रोजगार केंद्रात काम मागायला आलेल्या माणसाला समोर बसवायचं, त्याला काय येतं ते बोलतं करून काढून घ्यायचं आणि जिथं जागा असेल तिथं धाडायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं झाली. आणि आता वरून कागद आला, की पुढच्या महिन्यापासून ज्याच्याकडे समुपदेशकाचं प्रमाणपत्र असेल, त्यानंच अर्जदारासमोर बसायचं. बाकीच्यांनी तळघरात जाऊन जुन्या फायली लावायच्या. तळघराला खिडकी नाही. तिथं एकच माणूस बसतो, आणि तो वर आला की उन्हाकडे बघून शिंकतो.

परीक्षा म्हटलं की अक्काची गाळण उडते. दहावीत गणिताचा पेपर समोर आला आणि तिला स्वतःचा नंबरसुद्धा लिहिता आला नव्हता. कसंबसं दुसऱ्या खेपेला सुटली आणि शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागली. सात वर्षांनी कारखान्याला टाळं लागलं, तशी याच केंद्राच्या रांगेत येऊन उभी राहिली. उभी कसली राहतेय! "तुझं इथं नाही बाबा, तीन नंबरच्या खिडकीला जा." "तुझी सही राहिलीय." "तू फोटो उलटा चिकटवलायस." तासाभरात रांग सुतासारखी सरळ. तेव्हाचे साहेब बाहेर आले, म्हणाले, ही कोण? शिपाई म्हणाला, रांगेतलीच आहे. पुढच्या आठवड्यात अक्का आत स्टुलावर बसली होती, आणि स्टुलाची पुढं खुर्ची झाली.

माणसाचे हात बघून ती सांगायची, हा लोखंडातला, ही शिलाईतली, हा नुसताच बसून होता. पण हात बघण्याला परीक्षेत गुण नव्हते. लेखी पेपर होता, त्यात ती काठावर, दोन गुणांनी पास झाली. मग पाच फायली द्यायच्या होत्या. आपण कामाला लावलेली पाच माणसं, पहिल्या भेटीपासून काम लागल्याच्या चौकशीच्या फोनपर्यंत. आणि शेवटी तोंडी. पाचांतल्या एका फायलीवर बोलायचं, आणि परीक्षक समोरच त्या माणसाला फोन लावणार.

फायली देऊन झाल्या. तोंडीच्या आदल्या दिवशी अक्कानं पाचही जणांना फोन केले, उद्या बाहेरून फोन येईल, नीट बोला म्हणून. चौघं झाले. पाचवा फिटर. पंपाच्या कारखान्यात लावलेला, तिच्या मते सगळ्यांत देखणी फाईल.

"कसला कारखाना, अक्का? मी घरीच आहे की आठ महिने."

"घरी? अरे, मी फोन करून विचारलं लागलं का, तू म्हणालास लागलं."

"लागलंच होतं! पहिल्याच दिवशी दोन बोटं फाटली, ड्रिल सटकलं. मालकानं पट्टी बांधून घरी धाडलं. मला वाटलं, तुम्ही केंद्रातून हालहवाल विचारायला फोन केलात. बरं वाटलं होतं."

केंद्रात सगळे 'लागलं' एकाच अर्थानं म्हणतात. काम लागलं, माणूस लागला. त्या दुपारी बत्तीस फोन करायचे होते. तिनं विचारलं, त्यानं सांगितलं, तिनं खूण केली, पुढचा नंबर फिरवला. चांगला बंद प्रश्न. आणि 'लागला' म्हणून खूण झाली की माणूस शोधणाऱ्यांच्या यादीतून निघतो. आठ महिने त्याला एकही बोलावणं गेलं नव्हतं.

"मला वाटलं, हात फाटला म्हणून तुम्ही नाव काढलं," फिटर म्हणाला. "उद्या सांगतो मी लागलो म्हणून. माझं काय जातंय? तुम्ही मला कुठंतरी चिकटवा म्हणजे झालं."

अक्काला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. फोन ठेवून ती बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली. नळ सोडला आणि तोंड न धुता बंद केला.

सगळं ऐकून शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, "एवढं काय त्यात? दुसरी फाईल काढायची. दवाखान्यात लावलेल्या त्या आयाबाईची काढ, ती तर तुझी आरती ओवाळेल फोनवर. निकाल लागू दे, मग याची खूण पुस."

"निकाल महिनाअखेरीला आहे. तोवर फायली कुलूपबंद. परीक्षकाच्या सहीशिवाय खूण पुसता येत नाही. आणि बाटल्यांच्या कारखान्यात फिटरच्या चार जागा आहेत, शुक्रवारी बंद होतायत."

"मग तळघरात स्वेटर घेऊन जा. थंडी असते."

दुसऱ्या दिवशी तोंडीच्या खोलीबाहेर बाकावर अक्का लेकीचे पुठ्ठ्याचे तुकडे पुन्हा पुन्हा चाळत बसली. आत परीक्षक बाई एकट्याच, केस पांढरे, समोर पाच फायली पत्त्यांसारख्या मांडलेल्या.

"घाबरू नका. कुठल्या फायलीवर बोलायचं ते तुम्हीच ठरवा."

अक्काचा हात आयाबाईच्या फायलीवर गेला. अगदी पडलाच तिच्यावर. आतलं सगळं तोंडपाठ होतं. उचलायची तेवढी बाकी होती.

"ही?" बाईंनी विचारलं.

"नाही. ती बाजूची." "आणि फोन लावू नका, बाई. हा लागलेला नाही. मी चुकीची खूण केलीय."

मग तिनं सगळं सांगितलं. अडखळत, मागचं पुढं करत. बोटं, ड्रिल, बत्तीस फोन. बाई लिहून घेत होत्या.

"उरलेल्या चार तपासल्यात?"

"काल चौघांशी बोलले. कुठं आहेत, काय काम करतात, सगळं विचारून घेतलं."

"चार फायलींवर पास करता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"तीन महिन्यांनी परत बसावं लागेल. तोवर खुर्ची नाही. माझ्या हातात नाही ते."

"आता सही तुमच्या हातात आहे. शुक्रवारच्या आत यादी उघडायला हवी."

बाईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं. पेन शोधलं, सही केली, फाईल तिच्याकडे सरकवली. ना शाबासकी, ना बोलणी.

अक्का केंद्रावर आली तेव्हा दुपार व्हायची होती. महिना संपायला कामाचे अकरा दिवस होते, तोवर खुर्ची तिचीच. तिनं खूण पुसली, फिटरचं नाव परत यादीत चढवलं, बाटल्यांच्या कारखान्याला फोन लावून वेळ घेतली, आणि फिटरला कळवताना 'हातमोजे घालून जा मेल्या' एवढंच बोलली. बाहेर रांग दारापर्यंत गेली होती. एक बाई मिटवलेली छत्री छातीशी धरून आत डोकावत होती.

"या," अक्का म्हणाली. "बसा. छत्री ठेवा खाली आणि हात दाखवा."