पाच टाके

वेगवान गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या गॅरेजात इंजिनवाले चौघे होते, रंगवाले दोघे आणि सीटवाल्या बाई एकट्याच. सीट उसवली, फोम बसला, चामड्याला सुरकुती पडली, की फोरमन हाक मारायचा, "बाई, जरा बघता का?" बाई आधी बघायच्याच नाहीत. तळहात सीटवरून सावकाश फिरवायच्या आणि सांगायच्या, "इथे आत पोकळ आहे." उघडून बघावं तर नेमकं तिथेच पोकळ निघायचं.

हा हात आईकडून आलेला. आई बसगाड्यांच्या सीटा शिवायची. दोन्ही मुलींना समोर बसवून तिनं टाका शिकवला होता. त्यात थोरलीचा हात जास्त सफाईदार. लांबच्या एका कारखान्यात शर्यतीच्या ढंगाच्या गाड्या बनायच्या, तिथे हातशिलाईला तिला घेतलं, तेव्हा आई नुकतीच अंथरुणाला खिळली होती. थोरली गेली. आधी दर महिन्याला यायची, मग दोन महिन्यांनी, मग कामाचा रेटा वाढला आणि येणं फोनवर आलं. आईचं सगळं धाकटीनं, म्हणजे बाईंनीच केलं. आई गेली त्या दिवशी ताई धावतपळत दारात येऊन उभी राहिली आणि धाकटी तिला नको ते बोलून बसली. ताईनं खाली ठेवलेली बॅग तशीच उचलली.

त्याला अकरा वर्षं झाली. पहिली एकदोन वर्षं बाईंना वाटायचं, तिनं आधी फोन करावा. नंतर रागाचा पीळ सुटला, पण तोवर फोन करायचा म्हणजे काय बोलायचं तेच सुचेना. बाजारात कुणी पाठमोरी बाई मान तिरकी करून कापड चाचपताना दिसली, की बाईंचे पाय आपोआप थांबायचे. ती वळली की चेहरा भलताच निघायचा.

एका मंगळवारी दातांच्या डॉक्टरांची दोन दारांची लाल गाडी आली. डॉक्टर चांगलेच तापलेले. "वाऱ्यासारखी पळते म्हणे! पळू दे ना. पण ब्रेक मारला की सीट माझ्याआधी पुढे जाते. आणि ही शिवण बघा, अजून वर्षसुद्धा झालं नाही. माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत माणसं भीतीनं वळवळतात, तरी ती कधी उसवली नाही!"

"ठेवून जा, डॉक्टर," बाई हसून म्हणाल्या. "बघते."

सीट हलत होती ती खालच्या रेलमुळे, ज्यावर ती पुढेमागे सरकते. तिथला बुश, म्हणजे आधाराचा छोटा गोल तुकडा, झिजला होता. तो इंजिनवाल्यानं बदलला. शिवण उसवली होती ती सीटच्या कडेच्या उंचवट्यावर. वळणावर माणूस घसरू नये म्हणून अशा गाड्यांच्या सीटा दोन्ही बाजूंनी उंच असतात, आणि चढता-उतरता सगळा भार त्या कडेवरच पडतो. बाईंनी क्लिपा काढून चामडं उलटं केलं आणि त्यांचा हात जागीच थबकला.

शिवण संपते तिथे दोरा तीन टाके मागे आणलेला, वर एकच गाठ आणि उरलेलं टोक चामड्याच्या दोन पदरांत डावीकडे दडवलेलं. असं आई करायची. वेळ जातो म्हणून दुसरं कुणी करत नाही.

बाईंनी दोनदा बोट फिरवलं. ताईच. मग त्या उसवल्या जागेकडे वळल्या. शिवण सुतात चालली होती आणि मधेच चामड्याच्या काठाकडे सरकली होती. एक, दोन, तीन, चार, पाच टाके. पुढे पुन्हा सरळ. काठाजवळ गेलेल्या त्या पाच टाक्यांनीच चामडं फाडलं होतं. ताईचा टाका असा कधी सरकला नव्हता, अगदी तापातसुद्धा.

बाईंनी शिवण नव्यानं घातली. चाचणीला इंजिनवाला निघाला तेव्हा तो म्हणाला, "बाई, बसा शेजारी. कुरकुर येते का ऐका." एवढ्या वर्षांत बाई अशा चालत्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. शेजारची सीटही ताईच्याच हातची होती, तिथला टाका मात्र अगदी सरळ. मोठ्या वळणावर गाडी कलली आणि सीटच्या कडेनं त्यांना बरगडीपासून खांद्यापर्यंत घट्ट धरलं. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायच्या, तेव्हा ताई अशीच आवळून धरायची.

"येतेय का कुरकुर?" त्यानं विचारलं.

"नाही. अजून एक वळण घे."

परत आल्यावर त्यांनी कारखान्याला पाठवायचा दोषाचा फॉर्म भरला. 'शिवण काठाकडे सरकली. हातकामातली चूक.' खोटं लिहिणं आईनं शिकवलंच नव्हतं. फॉर्मवर कारखान्याचा नंबर होता. बाईंनी तो लावून ताईची चौकशी केली. हातशिलाई विभागात फोन उचलणारी म्हणाली, "त्या होय? त्यांनी पाच महिन्यांपूर्वी काम सोडलं. डोळ्यांमुळे." तिनंच घरचा नंबर दिला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी."

मग, "बोल, बारके."

या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "तुझ्या हातची सीट आलीय माझ्याकडे. लाल गाडीतली."

"ड्रायव्हरच्या बाजूला उसवली ना? किती टाके सरकले?"

"पाच."

"पाच? मला तीनच वाटले होते. कळलं होतं गं मला. पण उसवून परत घालायचं तर काठच दिसेना. शेवटची सीट होती ती. दिली तशीच. फॉर्मवर लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"बरं केलंस."

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "ताई, मी तेव्हा म्हणाले होते ना, आई तुझं नावसुद्धा काढत नव्हती. खोटं होतं ते. रोज विचारायची. दुपारी दार वाजलं की म्हणायची, थोरली आली का बघ. मी चिडले होते. ती विचारायची तुझ्याबद्दल, आणि करत मी होते."

पलीकडे ताई रडत होती. आवाज न करता रडायची तिची सवय बाईंना ठाऊक होती. नुसता श्वास अडकायचा.

"उद्या येते मी," बाई म्हणाल्या.

"उद्या नको," ताई घाईनं म्हणाली. "पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते झालं की ये. आत्ता आलीस तर तू मला नुसती सावली दिसशील. मला तुला नीट बघायचंय."

"आणि ऑपरेशनच्या वेळी जवळ कोण असणारे?"

"बघू गं, होईल काहीतरी," ताई म्हणाली.

"मग आधीच येते," बाई म्हणाल्या. "सावली तर सावली."

फोन ठेवून त्या फोरमनकडे गेल्या. "रजा हवी."

"किती दिवस?"

बाई बोटांवर मोजायला लागल्या, अर्ध्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "ते तिथे गेल्यावर कळवते."