वाट्या

अमेरिकेत रेडमंडला आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये तो एकटाच राहायचा. साठीचा असेल. तेव्हा सीडीसुद्धा मागे पडत चालल्या होत्या, आणि हा लंडनच्या कुठल्याशा छोट्या कंपनीच्या रेकॉर्ड मागवायचा. त्यांत गाणं असं नसायचंच, नुसता घुमणारा बेस. नवी रेकॉर्ड पोस्टाने आली की जिन्यात कव्हर दाखवून "नवीन" एवढंच म्हणायचा, जरा जास्तच मोठ्याने. मी काही बोलले की त्याची नजर माझ्या ओठांवर. मला ते आवडायचं नाही.

रेकॉर्ड लागली की माझ्या कपाटातल्या स्टीलच्या वाट्या थरथरून वाजायला लागायच्या. दुपारभर. शेवटी वैतागून मी बिल्डिंगच्या ऑफिसात कंप्लेंट केली. दुसऱ्या दिवशी तो वर आला, "सॉरी, मला कळलंच नाही," म्हणाला. त्यानंतर वाट्या गप्प झाल्या.

महिन्याभराने त्याचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं. मी खाली गेले. दार अर्धवट उघडं होतं. तीनदा ठोठावलं, हाक मारली, तरी त्याने मान वळवली नाही. रेकॉर्ड फिरत होती, पण आवाज इतका कमी ठेवला होता की मला दारातून काहीच ऐकू येईना. तो जमिनीवर बसून, डोळे मिटून, दोन्ही तळवे स्पीकरवर दाबून होता. त्याला ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी खांद्याला हात लावला, तसा तो दचकला. घाईने स्पीकरवरचे हात काढले आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "अजून वर आवाज येतोय का?"