डोक्यावर नसलेला पदर

जावई घरात आला की वैजयंतीबाई उठून उभ्या राहायच्या. हातातलं काम टाकून पदर डोक्यावर घ्यायच्या. नेरूळच्या वनरूम किचनमध्ये उठून जायचं तरी कुठे? दोन पावलं मागे सरून ओट्याला टेकायच्या.

लेक ऋता वैतागायची. "आई, शौनक काय कलेक्टर आहे?"

"जावई आहे," बाई म्हणायच्या. वाईकडची रीत त्यांनी सोडली नव्हती.

त्यात अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं. पुरण शिजलं, तूप कढलं. चांदीचं ताट तेवढं माळ्यावर राहिलं. शौनक फोनवर म्हणालाही, "आई, स्टीलचं चालेल." सत्तरी ओलांडलेल्या बाई स्टुलावर चढल्या.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मग हॉस्पिटलातच त्यांना वरच्या मजल्यावर हलवलं. तिथे माणसाला पुन्हा चालायला शिकवतात.

मंजुषा नावाच्या फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी साडी काढून ठेवायला लावली. "पायात येते आजी. पायजमा घाला, हीरोइन दिसाल."

बाईंनी आयुष्यात पायजमा घातला नव्हता. त्यावर कमरेला रुंद पट्टा. पट्टा मागून कुणीतरी धरायचा आणि बाईंनी वॉकर घेऊन उठायचं.

"घरी जायचंय ना? मग हा पट्टा धरायला घरातलं कुणीतरी शिकलं पाहिजे," मंजुषा म्हणाली. "नाहीतर पनवेलच्या केअर सेंटरला जावं लागेल."

ऋताला आठवा महिना होता. तिचं पहिलं बाळंतपण बाईंनाच करायचं होतं. सेंटरच्या खाटेवरून ते कसं व्हायचं? आणि पोटुशी ऋता पट्टा कसा धरणार? उरला शौनक. त्याने रजा टाकली. रोज यायचा. बाई म्हणायच्या, "शौनकराव, चहा घेऊन या ना जरा." तो जायचा. तेवढ्यात बाई मंजुषाबरोबर उठबस उरकायच्या. जावयाने आपल्याला मागून, कमरेला धरून उठवायचं, हा विचारही त्यांना नको होता.

"आजी, रोज त्याला पळवता तुम्ही," मंजुषा म्हणाली.



त्या दिवशी कॅन्टीनला गर्दी नव्हती. शौनक लवकर परतला. बाई वॉकर धरून उभ्या होत्या. मंजुषा खुर्ची जवळ ओढत होती. दारात जावई दिसला आणि बाईंचा उजवा हात वॉकरवरून सुटला. तो डोक्याकडे गेला. पदर घ्यायला.

पदर नव्हताच. तोल गेला. मंजुषाने पट्टा पकडला म्हणून पडल्या नाहीत. खुर्चीत आदळल्या. भीतीने पायजमा ओला झाला. पाणी चपलेत उतरलं, लादीवर पसरलं.

शौनकच्या हातात चहाचे दोन कप होते. बाईंनी डोळे मिटून घेतले. आता हा परत जाईल, असं त्यांना वाटलं. जावं, असंच वाटत होतं.

तो खाली बसला. त्याने बाईंच्या पायातली चप्पल काढली. टॉवेलने त्यांचे पाय पुसायला लागला.

बाईंनी पाय ओढला. "नका हो, पाप लावता मला! लग्नात मी तुमचे पाय धुतलेत."

"धुतलेत ना. सगळ्या हॉलसमोर," शौनक मान वर न करता म्हणाला. "इतक्या गुदगुल्या होत होत्या, आई. हसू दाबता दाबता जीव गेला. लाजेने मेलो होतो मी. तुम्ही सोडलेत का पाय?"

मंजुषा हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा तापला होता. पण दुसरा पाय त्यांनी मागे घेतला नाही.

आयाने पडदा ओढून कपडे बदलले. पडदा सरकला तेव्हा शौनक तिथेच उभा होता. चहा निवला होता.

मंजुषाने वॉकर पुढे ठेवला. "आज बस करायचं?"

बाईंनी लादीकडे पाहिलं. ती अजून ओली होती.

"शौनकराव," त्या म्हणाल्या. "या. पट्टा धरा."

तो मागे आला. मंजुषा सांगू लागली, "दंड ओढायचा नाही. पट्टा घट्ट. आजी, दोन्ही हात वॉकरवर."

मागून जावयाचा श्वास ऐकू येत होता. लाजेने बाईंची मान खाली गेली. डोकं उघडं होतं. हात पुन्हा वर जाऊ पाहत होता.

बाईंनी वॉकर घट्ट आवळला आणि त्या उठल्या.