सानिकाच्या पंचकोनातली फट

मित्रांनो, आज सकाळी माझ्या हातून जे झालं ते लपवायचं नाही, म्हणून लिहितोय.

मी येडशीत फरशी बसवायचं काम करतो. कुठं फट दिसली की माझं डोकं फिरतं. सहावीतली पुतणी सानिका गृहपाठाला पुठ्ठ्याचे, सगळ्या बाजू नि कोन सारखे असलेले पंचकोन जोडत होती. तीन जोडले, तरी मध्ये फट राहिली.

"काका, बसतच न्हाय."

"नीट बसव!"

"बसवलं की. फट ऱ्हातीच."

मी तिच्या कानाखाली दोनदा वाजवली. ती भिंतीवर आदळली, ओठ फुटला, पुठ्ठ्यावर रक्त सांडलं. वहिनी धावत आल्या. "भावजी, लेकरू हाय ते, फरशी न्हाय!"

मग मी स्वतः जोडायला बसलो. तासभर खपलो. फट तशीच. तेव्हा कुठं वहीतला प्रश्न शेवटपर्यंत वाचला: 'असे पंचकोन फट न ठेवता बसतात का? बसत नसतील तर का?'

सानिकाचं उत्तर बरोबर होतं.

गणिताच्या तासाला मार खाऊनच मी आठवीत शाळा सोडली होती. आत्ता ती अभ्यासाला बसली होती. मी दारात दिसताच तिनं वही मिटली आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

तिच्याजवळ जाऊन मी काय बोलू? तुम्हीच सांगा.