बरोबर गणिताखालचे शब्द

'सर सोमवारी वर्गावर येतील,' असं मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि त्याखाली 'वल्लाहु आलम' लिहायला विसरलो.

हे शब्द सरांचे. खरं काय ते अल्लाहच जाणे, असा त्यांचा अर्थ. आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात सर संख्याशास्त्र आणि अर्थमिती शिकवत. शेजारच्या वर्गात मी अर्थशास्त्र शिकवण्याच्या नावाखाली वेळ काढी. कापसाच्या भावाचं असो की पावसाचं, गणित सुटलं की सर फळ्याच्या कोपऱ्यात उर्दूत हे शब्द लिहीत, बोटांवरचा खडू झटकत आणि मगच वर्गाकडं वळत. तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील, ज्यांच्या पाठीवरूनही कळतं की उत्तर आलं.

एकदा नेरडीगोंड्याहून येणाऱ्या एका मुलीनं गणित अर्धवट सोडलं आणि खाली हेच शब्द लिहिले. सरांनी शून्य दिलं.

"अल्लाह जाणतो, कबूल. पण तू काऊन नाई जाणत? हे बरोबर गणिताखाली लिहायचं असते, पोरी. आळशानं पांघरायची चादर नोहे ते."

तीही काही कमी नव्हती. "सर, व्याज तुमच्यात हराम. मग समीकरणात व्याजाचा दर कसा चालते?"

"हराम चीज मोजणं हराम नाई. मोजलंच नाई, तं नुकसान लोकाईले दाखवशील कसं?"

मला ते 'शेठ' म्हणत, कारण वडिलांचं गुडीहत्नूरला किराणा दुकान. आम्ही दोघांनी उटनूरकडच्या गावांत कापसाच्या उताऱ्याची पाहणी केली. आलेखावर सगळे ठिपके शहाण्यासारखे रेघेजवळ बसले. एकच पार वर, कौलावर चढलेल्या बकरीसारखा. मी तो खोडला. रेघ देखणी झाली.

सरांनी कागद पाहिला. "हा गवाह कुठं गेला?"

"खोटं बोलला असेल, सर."

"विचारलं त्याले? आकडा म्हणजे गवाही, शेठ. लोकाईनं आपल्यापाशी ठेवलेली अमानत. गवाहाले भेटल्याबिगर गवाही फेटाळता येत नाई."

माझ्याच मोटारसायकलवर, माझ्याच पेट्रोलनं गेलो. गवाह निघाली एक म्हातारी. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मी तं गोण्या सांगतल्या होत्या बापा." क्विंटल मी लिहिले होते.

परत निघालो. गुडीहत्नूरच्या फाट्यावर चहा घेताना सर म्हणाले, "खोटा गवाह सापडला म्हणायचा." आणि माझ्याकडं न बघता बशीत चहा ओतला.

मग त्यांच्या हृदयाचं निघालं. ऑपरेशन नागपूरला ठरलं. जाताना आपला वर्ग माझ्याकडं सोपवून त्यांनी एकच गोष्ट मागितली. अभ्यासक्रमातला शेवटचा धडा भाकिताचा. उद्याबद्दल माणसानं किती बोलावं, हे त्यांना त्यात शिकवायचं होतं. "तो शिकवू नका. माझ्यासाठी ठेवा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी फोनवर धीर देत होतो. "सर, यात बहुतेक लोक बरे होतात."

"जे नाई झाले, त्याईच्याही दोस्तानं हेच सांगतलं असंल, शेठ." आणि हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

ऑपरेशन नीट झालं, असा निरोप आला. मी आनंदात फळ्यावर ते सोमवारचं भाकीत लिहून टाकलं. रविवारी पहाटे सर गेले. नागपूरला गेले त्याच हमरस्त्यानं त्यांना परत आणलं. कब्रस्तानात तीन मुठी माती टाकायची, हे मला माहीत नव्हतं. मी टाकतच राहिलो. शेवटी कुणीतरी माझा हात धरला.

फळ्यावरची ती ओळ मुलांनी पुसू दिली नाही. तिच्याखाली उरलेल्या जागेत मी त्यांनी राखून ठेवलेला धडा शिकवला. पुढच्या हंगामातला कापसाचा भाव काढला. उत्तर आलं, तसा कोपऱ्यात गेलो. मला उर्दू येत नाही. मराठी अक्षरांतच लिहिलं, 'वल्लाहु आलम'. खडू झटकला, पण वळवेना. मागं सगळा वर्ग गप्प. मला वाटलं, रडताहेत.

नेरडीगोंड्याची मुलगी उभी राहिली. ओढणीनं डोळे पुसले.

"सर, तिसऱ्या ओळीत वजाबाकी चुकली तुमची. ते शब्द पुसा आधी."