नरडाण्याच्या रेडिओवरचं गाणं

माझे वडील अमळनेरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही, कुणी कुणाची दृष्ट काढली नाही. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात आपणही कधी काही लिहू, असं मला वाटलं नव्हतं... पण ही गोष्ट माझ्या घरात भर दुपारी घडली, आणि ऐकणारी मी एकटी नव्हते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. लग्न होऊन मी नरडाण्याला आले. हे तिथे असिस्टंट स्टेशन मास्तर. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. घरात एक छोटा ट्रान्झिस्टर होता, एकाच बँडचा. त्यावर रेडिओ सिलोनसुद्धा लागत नसे.

दिवाळीनंतर एका दुपारी मी भांडी घासत होते आणि रेडिओवर एक बाई गाऊ लागली. भाषा अनोळखी. साथीला पेटी नाही, तबला नाही — नुसते घरकामाचे आवाज. पाणी ओतल्याचा आवाज आला की ती गायची, ‘द लो’. दार करकरलं की ‘ला पोर्त’. झाडूच्या खरखरीबरोबर ‘बाले’. मग मांजर ओरडायचं आणि ती म्हणायची, ‘शा’. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच... नंतर जवळजवळ रोजच. एकदा कपडे चोळल्याच्या आवाजावर ती ‘सावों’ म्हणाली, तेव्हा अक्कांना हसू आलं.

“साबन म्हनस ती. हाई त आपलंच शे.”

आम्हा दोघींना त्या गाण्याचा नादच लागला. अक्का मला हाक मारून सांगायच्या, “सुधा, बाले ली ये वं.” मी झाडू नेऊन द्यायची. हे घरी असले की मात्र रेडिओवर बाजारभाव, नाहीतर शेतीचा कार्यक्रम.

“तुम्ही दोघी मिळून मला बनवताय,” हे म्हणायचे.

मग उन्हाळा आला. सुरतेकडून आलेल्या पॅसेंजरमधून एका गोऱ्या मुलीला उतरवून घ्यावं लागलं. विशीतली असेल, एकटीच, तापाने फणफणलेली. स्टेशनात पंखाही नव्हता, म्हणून ह्यांनी तिला आमच्या घरी आणलं. शिंदखेड्याहून डॉक्टर आले. “ऊन लागलंय,” ते म्हणाले. “पाणी पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर धुळ्याला न्यावं लागेल, आणि या उन्हात तेवढा प्रवास तिला झेपेल असं वाटत नाही.”

पण ती तोंडच उघडेना. जवळ जाईल त्याचा हात ढकलायची. ह्यांनी धरलेला पेला तिने उडवून लावला. ह्यांनी इंग्रजीत समजावून पाहिलं, पण ती शुद्धीत होती कुठे? दारात निम्मं गाव जमलं होतं, पोरं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. ती तिकडे बघून थरथरत काहीतरी पुटपुटत होती.

मी कान दिला.

“ला पोर्त... ला पोर्त...”

मी उठले आणि सगळ्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. तिचं अंग सैल पडलं. तिच्याजवळ बसून मी हळूच विचारलं, “द लो?”

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. आणि पेलाभर पाणी प्यायली... मग आणखी एक.

ताप उतरायला दोन-तीन दिवस लागले. ती फ्रान्सची होती. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची, हे मला मराठीत सांगायचे. मी तिची भाषा कुठे शिकले, असं तिने विचारलं. मी रेडिओकडे बोट दाखवलं आणि गाणं म्हणायला लागले. ती ताडकन उठून बसली. कितीतरी वेळ ह्यांच्याशी बोलत होती.

“ती म्हणतेय, हे गाणं रेडिओवर असणं शक्यच नाही,” हे म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “तिच्या आईने रचलंय. घरातलं काम करता करता हिला शब्द शिकवायची. ही लहान असतानाच आई गेली.”

मुलीने पुन्हा काहीतरी विचारलं. ह्यांनी सांगितलं, “मांजराच्या पुढे काय आहे, विचारतेय. तिला मांजरापर्यंतच आठवतं.”

मला पुढचं येत होतं. पुढे खिडकी होती, ‘फनेत्र’. मग दिवा, ‘लांप’. आणि शेवटी निजणाऱ्या पोराला थोपटल्यासारखी अगदी संथ ओळ. मी गायले, ती माझ्यामागून म्हणत गेली. डोळ्यांतून धार लागली होती, पण चेहरा हसरा होता. अक्का मागे बसून तिच्या डोक्याला तेल चोळत होत्या. एवढी सुखाची दुपार त्या घरात पुन्हा आली असेल, असं मला वाटत नाही.

गाणं तोंडपाठ झाल्यावरच ती गाडीत बसली. पुढे आम्ही धुळ्याच्या एका रेडिओवाल्याकडून सेट उघडून घेतला. या सेटवर परदेशातलं काही लागूच शकत नाही, असं त्याने ठामपणे सांगितलं.

वडील होते तोवर त्यांनी आणि मी पुष्कळ डोकं चालवलं, पण काही जुळलं नाही. अक्कांना मात्र कधी कोडं पडलंच नाही. “तिनी मायनी ते गानं आपलाकडे ठेयेल व्हतं,” त्या सहज म्हणायच्या. “पोरले येवाले उशीर व्हयना.” म्हणजे आईने गाणं आमच्याकडे ठेवलेलं, पोरीला यायला उशीर झाला, एवढंच.

मला ते आजही पटत नाही. पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही.